पडजीभ दिसेपर्यंत

'सिस्टर, मी एका ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. नोकरीला दीड वर्ष झालं. मागे माझ्या रात्रपाळीत एक बाळ झालं, २ किलो ८०० ग्रॅमचं, छान रडलं. मी तोंडात बोट घालून टाळू पाहिली आणि कागदावर "नॉर्मल" लिहिलं. तिसऱ्या दिवशी आई बाळाला घेऊन माहेरी गेली, दुसऱ्या तालुक्यात. परवा, तेविसाव्या दिवशी, ती परत आली तेव्हा बाळाचं वजन २ किलो ४०० होतं आणि दूध नाकातून येत होतं. डॉक्टरांनी टॉर्च मारली तर मागची टाळू दुभंगलेली. सगळ्यांसमोर सासू सुनेला म्हणाली, ग्रहणात विळीवर भाजी चिरलीस ना, भोग आता. मी मान खाली घालून उभी होते. आमच्या इनचार्ज म्हणतात, जन्मजात दोष सांगणं हे डॉक्टरांचं काम, आपण तोंड उघडायचं नाही. रात्रीत आठ-आठ डिलिव्हऱ्या होतात, प्रत्येक बाळ नीट बघायचं कधी? दिसलंच काही तर सांगायचं कसं? आणि त्या आईसमोर आता मी कोणत्या तोंडाने जाऊ?'

प्रिय सिस्टर,

तुला तू म्हणते, राग मानू नकोस. चौतीस वर्षं वॉर्डात काढली, शेवटची अकरा परिसेविका म्हणून. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली आज तुझ्या इनचार्जच्या वयाच्या आहेत.

तुझ्या मनाचं नंतर बघू, आधी बाळाचं. तेविसाव्या दिवशी जन्मवजनापेक्षा ४०० ग्रॅम कमी म्हणजे ते बाळ उपाशी आहे. दहा ते चौदा दिवसांत बाळानं जन्मवजन गाठायला हवं आणि पुढे रोज २०-३० ग्रॅमनं चढायला हवं. टाळूचं ऑपरेशन साधारण नऊ महिने ते दीड वर्षाच्या दरम्यान होतं, तोवर घाई नाही. दूध मात्र आजच पोटात जायला हवं. तू पत्र टाकलंस तोवर त्याला भरती केलं असेल असं धरून चालते. केलं नसेल, तर हे वाचायचं थांबव आणि फोन कर.

दुभंगलेल्या टाळूचं बाळ छातीला लागतं, चुटुचुटु तोंड हलवतं, बघणाऱ्याला वाटतं पितंय. पण तोंडाची पोकळी वरून बंद होत नाही म्हणून ओढ बसत नाही. भोक पडलेल्या नळीनं उसाचा रस ओढून बघ, तसं. म्हणून आईनं दूध पिळून काढायचं आणि बोंडल्यानं पाजायचं. आपल्या आज्या वापरायच्या तेच बोंडलं, चोचीची छोटी वाटी, उकळून घेतलेलं. बाळाला जवळजवळ बसतं धरायचं, आडवं नाही. थोडं थोडं, गालाच्या बाजूनं, मध्ये दोनतीनदा ढेकर काढायचा. एक पाजणं अर्ध्या तासाच्या वर नेऊ नये, नाहीतर मिळालं त्यापेक्षा जास्त ते पिण्यातच खर्च होतं. हनुवटी फार लहान आहे का आणि उताणं ठेवल्यावर श्वास अडकतो का, हेही बघून घ्या. तसं असेल तर मामला वेगळा आहे, जीभ मागे पडून घसा बंद होतो. ते बाळ पालथं किंवा कुशीवर, कोणाच्या तरी नजरेखाली राहायला हवं आणि मोठ्या दवाखान्यात जायला हवं.

आता तुझी चूक. चूक झाली, नाही असं मी म्हणणार नाही. पण ती तुझ्या एकटीची नाही. 'तोंडात बोट घाल, टाळू हाताला लागली की झालं' हे आपल्याला कुणीतरी शिकवलं, त्यांना त्यांच्या इनचार्जनं शिकवलं. बोटाला पुढची कडक टाळू कळते. मागची मऊ टाळू, जिथे तुझ्या बाळाची फट आहे, ती बोटाला लागतच नाही असं समज. बाळ बोट चोखायला लागतं आणि आपण खूश होतो. ब्रिटनमध्येही हेच होत होतं. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजला २०१४ साली लेखी सांगावं लागलं की टाळू बोटानं चाचपून भागत नाही, टॉर्च आणि जीभ दाबायची पट्टी घेऊन डोळ्यांनी बघा. म्हणजे शिकल्यासवरल्या, माणसांनी भरलेल्या दवाखान्यांतही ती सुटत होती.

कसं बघायचं ते सांगते. बाळ रडायला लागलं की आपण त्याला गप्प करतो. करू नकोस. रडतंय तेव्हाच टॉर्च मार, तोंड आपोआप उघडं मिळतं. पट्टीनं जीभ हलकेच दाब आणि पडजीभ दिसेपर्यंत बघ. पडजीभ दिसली म्हणजे मऊ टाळू शेवटपर्यंत दिसली. पडजीभ दुहेरी असली, किंवा टाळूच्या मध्यभागी निळसर पातळ रेघ असली, तरी लिही. वरून कातडी जुळलेली आणि आतला स्नायू उघडा, असंही असतं. टाळूवर पांढरे मोत्यासारखे दाणे दिसले तर घाबरू नकोस, ते निरुपद्रवी, आपोआप जातात. आणि पडजीभ नाहीच दिसली, तर 'नॉर्मल' लिहू नकोस. 'टाळू पूर्ण दिसली नाही, पुन्हा पाहणे' असं लिही. या एका ओळीनं सकाळच्या सिस्टरला काम मिळतं आणि बाळ वाचतं. आपल्याकडे कागदावर रिकामी जागा ठेवायची लाज वाटते, म्हणून सगळं नॉर्मल होतं.

मलाही ती लाज होती. नोकरीचं सहावं वर्ष असेल. एका मुलीच्या दुपट्यावर काळी शी दिसली, मी 'शी झाली' म्हणून नोंद केली. दीड महिन्यांनी ती मुलगी पोट फुगलेली अशी परत आली. शीची जागा तिला नव्हतीच. योनीच्या तोंडाशी एक बारीक छिद्र होतं, तिथून थोडी थोडी शी येत होती. मी दुपटं तपासलं होतं, बाळ उलटं करून पाहिलं नव्हतं. सर्जननी एवढंच विचारलं, 'सिस्टर, जागा पाहिली होती का?' मी हो म्हणाले. खोटं बोलले. ते आजही आठवतं, म्हणून तुला लिहितेय. पोर वाचली, ऑपरेशनं तीन झाली.

रात्री आठ डिलिव्हऱ्या असताना काय करायचं, हा तुझा प्रश्न खरा आहे. कागदावरचं सगळं त्या रात्री होत नाही, आणि झालं असं दाखवूही नये. आरबीएसके म्हणजे सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, त्याच्या यादीत जन्मजात दोष नऊ आहेत: मज्जारज्जूचे दोष, डाऊन सिंड्रोम, दुभंगलेला ओठ आणि टाळू, वाकडं पाऊल, खुब्याचा सांधा, मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयाचे दोष आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा डोळ्याचा पडदा. नऊही रात्री अडीच वाजता बघायचे नसतात. त्या वेळी फक्त एकच विचारायचं: सकाळपर्यंत या बाळाचा जीव जाईल असं काही आहे का? त्यातलं बरंचसं या यादीत नाहीच.

श्वास बघ, रंग बघ. गप्प असताना निळं पडतं आणि रडलं की गुलाबी होतं, असं असेल तर नाकपुड्या मागून बंद असू शकतात. नवजात बाळ मुख्यतः नाकानंच श्वास घेतं, रडताना तेवढं तोंड उघडतं. तोंडातून सारखा फेस येतोय, पुसला की पुन्हा येतोय, आणि आईला गर्भजल जास्त होतं, तर काही पाजू नकोस. नळी घालून बघ. दहाएक सेंटिमीटरवर अडली तर अन्ननलिका पुढे जोडलेली नाही. पोट खपाटीला गेलेलं आणि बाळ धापतंय, तर आतडी छातीत चढलेली असू शकतात. तिथे मास्कनं हवा भरत बसलं तर ती आतड्यात भरते आणि फुप्फुस आणखी दाबलं जातं. डॉक्टरांना झोपेतून उठव, शिव्या खा. मग पाठ: बाळ उपडं कर, मानेपासून माकडहाडापर्यंत बोट फिरव. उघडी गाठ असेल तर निर्जंतुक सलाइनचा ओला गॉज ठेव, वरून प्लॅस्टिक, बाळ पालथं. आणि शेवटी ती जागा, जी मी पाहिली नव्हती. ओरखडा न काढता, पाय वर धरून, उजेडात. हे सगळं मिळून दोन मिनिटं. नाळ कापतानाच तिच्यातल्या रक्तवाहिन्या मोजायच्या, तीन असतात. दोनच दिसल्या तर लिहून ठेव, मूत्रपिंडाकडे कोणीतरी बघेल.

बाकीचं सकाळी. आणि ते आईच्या खाटेवर, तिच्यासमोर कर. वॉर्मरखाली नेऊन केलेली तपासणी आईला दिसत नाही, आणि न दिसलेल्या तपासणीतून निघालेलं काहीही तिला शिक्षेसारखं वाटतं. हात गरम करून घे. छाती आधी ऐक, कारण बाळ शांत असताना ऐकू येतं. मांडीच्या सांध्यातली नाडी दोन्ही बाजूंनी बघ. बाळ उभं धरलंस की ते आपणहून डोळे उघडतं. बाहुलीत पांढरं दिसलं तर तोच दिवस, उद्या नाही. जन्मजात मोतीबिंदू पहिल्या सहा-आठ आठवड्यांत काढला तर नजर चांगली बसते. नंतर भिंग स्वच्छ केलं तरी मेंदू बघायला शिकलेला नसतो. पाऊल आत वळलेलं असेल तर हातानं सरळ करून बघ. सहज सरळ होऊन उलट्या बाजूलाही जात असेल तर ते पोटात दुमडून बसल्यानं आलेलं, हातानं हळूहळू सुटतं. अडत असेल तर पोन्सेटी पद्धतीचं प्लास्टर, दर आठवड्याला बदलायचं, पाच-सात प्लास्टरं. हे घरच्यांना सांगताना दुसरी ओळही सांग, कारण ती कोणी सांगत नाही. प्लास्टर निघाल्यावर बूट घालायचे असतात, आधी तीन महिने जवळजवळ दिवसरात्र आणि मग चार-पाच वर्षांपर्यंत झोपेत. पाऊल सरळ दिसलं की लोक बूट फेकतात आणि पाऊल पुन्हा वळतं.

खुब्याचे सांधे सगळ्यात शेवटी, कारण त्यानंतर बाळ रडणारच. पायाळू जन्मलेल्या मुलींचे तर जास्त लक्ष देऊन. आणि तिथेच आजीला सांगून टाक की बाळाचे पाय सरळ ताणून दुपट्यात घट्ट बांधू नका. वर बांधा हवं तर, पाय बेडकासारखे मोकळे राहू देत. कडेवर घ्यायची आपली पद्धत खुब्याला फार चांगली, हेही सांग. आजीबाईंना चुका दाखवायच्या असतील तर जोडीला एक कौतुक लागतं.

हृदयासाठी पल्स ऑक्सिमीटर आहे. कोरोनानंतर तो सगळीकडे पोचला, पण मोठ्यांच्या बोटाचा चिमटा बाळाला चालत नाही, गुंडाळायचा नवजात प्रोब मागवून घे. चोवीस तास झाल्यावर उजवा हात आणि कोणतंही एक पाऊल. दोन्हीकडे ऑक्सिजन ९५ टक्के किंवा वर आणि दोघांतला फरक ३ पेक्षा जास्त नाही, तर ठीक. ९० च्या खाली कुठेही आलं तर लगेच डॉक्टर. मधलं आलं तर तासाभरानं पुन्हा. चोवीस तास का, तर आईच्या पोटात असतानाची, हृदयाजवळची रक्ताची एक वाट जन्मानंतर काही काळ उघडी असते आणि काही दोषांत बाळ तिच्याच आधारावर गुलाबी राहतं. ती बंद झाली की चौथ्या-पाचव्या दिवशी घरी, बारशाच्या तयारीत, बाळ निळं पडतं. पण यात हृदयातली भोकं सगळी सापडत नाहीत. ऑक्सिमीटर चांगला आला म्हणून 'हृदय चांगलं आहे' असं कोणाला सांगू नकोस.

लघवीची जागा बघताना एक लक्षात ठेव. मुलाचं छिद्र टोकाला नसून खाली असेल आणि घरी सुंता करायची रीत असेल, तर त्याच दिवशी सांग की सुंता थांबवा. दुरुस्तीला तीच कातडी लागते. आणि मुलगा की मुलगी ते स्पष्ट कळत नसेल, तर अंदाजानं बोलून टाकू नकोस. बाहेर सगळे पेढ्यांसाठी खोळंबलेले असतात, मावशी दोनदा डोकावून जातात, तरी नाही. 'बाळ चांगलं रडलंय, काही तपासण्या करून सांगतो' एवढंच. एकदा मुलगी म्हणून बारसं झालं की ते पुसायला फार त्रास होतो. त्यातल्या काही बाळांच्या शरीरातून दुसऱ्या आठवड्यात मीठ निघून जातं आणि ती दगावतात, म्हणून ती बाळं घरी पाठवायचीच नाहीत.

कान राहिले. बहिरं बाळ दिसायला, रडायला, हसायला इतर बाळांसारखंच असतं. डोळ्यांनी ते कुणालाच कळत नाही, मशीनच लागतं. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. तुझ्याकडे मशीन नसेल तर कुठे आहे ते माहीत करून घे. तुझ्या या बाळाची तर चाचणी हवीच, टाळूच्या बाळांच्या कानात पाणी साठतं.

तुझ्या इनचार्जबद्दल मला वाईट बोलायचं नाही. त्यांनीही कुठेतरी चटके खाल्लेले असणार. पण त्यांचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. निदान डॉक्टरांचं, हे खरं. 'तुमच्या बाळाला डाऊन सिंड्रोम आहे' हे तू बोलायचं नाहीस. रक्ताच्या तपासणीआधी ते डॉक्टरही ठामपणे बोलत नाहीत, त्याची खूण म्हणतात ती तळहातावरची एक आडवी रेघ तर चांगल्या धडधाकट माणसांच्या हातावरही असते. पण जे दिसलं ते तुझं आहे. ते बघायची जबाबदारी सरकारनंच तुझ्यावर टाकलीय. फेब्रुवारी २०१३ मध्ये हा बालस्वास्थ्य कार्यक्रम आपल्या पालघरमधून सुरू झाला, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होतं. तेव्हापासून प्रसूती होते तिथल्या बाळाची पहिली तपासणी तिथल्याच डॉक्टर-नर्सनं करायची, असं त्यात ठरलेलं आहे. बाहेरून पथक येण्याची वाट बघायची नाही. इनचार्जना हे भांडून दाखवू नकोस, रजिस्टरचा रकाना दाखव.

आणखी एक सांगते, इनचार्जबरोबर चहाला बसशील तेव्हा कामाला येईल. आपण जन्मानंतर १ आणि ५ मिनिटांना अपगार लिहितो ना, बाळाच्या तब्येतीचे दहापैकी गुण, त्या व्हर्जिनिया अपगार बाई भूलतज्ज्ञ होत्या. १९५३ मध्ये त्यांचा गुणतक्ता छापून आला. पुढे १९५९ मध्ये त्यांनी भुलीचं काम सोडलं आणि अमेरिकेतल्या एका मोठ्या संस्थेत जन्मजात दोषांचा विभाग चालवायला घेतला. ज्या बाईनं ९ गुण द्यायला शिकवलं, तिला पुढच्या कामासाठी हाच विषय घ्यावासा वाटला. तुझ्या बाळाचे गुण किती होते? मी पैजेवर सांगते, ९ च असतील.

सांगायचं कसं. पहिलं म्हणजे चेहरा. आई बाळाकडे बघत नसते, बाळ बघणाऱ्या सिस्टरच्या चेहऱ्याकडे बघत असते. तुझा हात थांबला, तू दुसरीला कोपरानं ढोसलंस, दोघी कोपऱ्यात कुजबुजलात, की तिला सगळं कळलं आणि चुकीचं कळलं. म्हणून काही दिसलं तर तिथेच म्हणायचं, 'बाळाच्या तोंडात मला एक गोष्ट दिसतेय, डॉक्टरांना दाखवते, त्यांनी बघितलं की तुम्हाला दोघांना सांगतो.' आणि मग डॉक्टर त्याच पाळीत यायला हवेत. पाळी बदलली की बातमी शिळी होते, तोवर शेजारच्या खाटेवरच्या बाईनं चार गोष्टी सांगितलेल्या असतात. डॉक्टर सांगतील तेव्हा तू तिथे उभी राहा. बाळ आईच्या हातात असू दे. नवरा असू दे. सासू नको असं आई म्हणाली तर सासू नको.

शब्द जपून. 'व्यंग' हा शब्द रजिस्टरमध्ये छापलेला आहे, तिथेच राहू दे. आणि टाळू! या शब्दानं मला एकदा चांगलंच फसवलं. 'बाळाची टाळू फाटलेली आहे' म्हटल्याबरोबर आजीनं टोपडं काढलं आणि डोक्यावर हात फिरवून रडायला लागली. तिची टाळू डोक्यावरची, जिच्यावर तेल घालतात ती. मी तोंडातल्या टाळूबद्दल बोलत होते. पाच मिनिटं आम्ही दोघी दोन वेगळ्या टाळूंबद्दल बोलत होतो. तेव्हापासून मी स्वतःचं तोंड उघडून बोट दाखवते: 'हे तोंडाचं छत. पोटात असताना दोन बाजूंनी येतं आणि मध्ये जुळतं, तिसऱ्या महिन्यापर्यंत. याचं एवढं जुळायचं राहिलंय. ऑपरेशननं जोडतात.' पाटीवर काढूनही दाखवते कधी. मग लगेच दूध कसं पाजायचं ते. बातमीपाठोपाठ आईच्या हाताला काहीतरी काम मिळालं पाहिजे. रिकाम्या हातांनी ऐकलेली बातमी पचत नाही.

ग्रहणाचं काय? सासूबाईंशी वाद घालू नकोस, पण गप्पही बसू नकोस. तू मान खाली घातलीस तेव्हा त्या सुनेला वाटलं असेल, सिस्टरलाही तसंच वाटतंय. मी असं म्हणते, 'आजी, ग्रहण अख्ख्या जिल्ह्याला लागलं होतं. त्या दिवशी किती घरांत भाजी चिरली असेल? आमच्या क्वार्टरमध्येसुद्धा चिरली.' बहुतेक वेळा हसतात. नाही हसल्या तर डॉक्टरांकडून सांगवायचं, पुरुष डॉक्टर असतील तर आणखी उत्तम. न्याय नाही त्यात, पण उपयोग होतो. मात्र घरात कोणाला असं होतं का आणि गरोदरपणात फिटच्या गोळ्या चालू होत्या का, हे दोन प्रश्न एकांतात, आईलाच विचार. त्यांना खरोखर अर्थ आहे. आणि फिटच्या गोळ्यांचं नाव निघालं तर 'बंद करा' म्हणू नकोस, डॉक्टरांकडे पाठव.

सांगून झालं की चिठ्ठी. 'मोठ्या दवाखान्यात दाखवा' हे वाक्य मी माझ्या वॉर्डात बंद केलं होतं. कोणता दवाखाना, कोणता वार, कोणती खोली, कोणाला भेटायचं, गाडी कोण देणार? आरबीएसकेचं पथक तुझ्या तालुक्यात आहे, जिल्ह्याला डीईआयसी, म्हणजे अशा बाळांच्या तपासणी-उपचाराचं केंद्र आहे, ऑपरेशनला घरच्यांना पैसे पडू नयेत यासाठीच ही योजना आहे. ओठ-टाळूसाठी स्माइल ट्रेनसारख्या संस्थाही फुकट ऑपरेशन करवून देतात. डीईआयसीला तू स्वतः फोन करायचास, आईसमोर, आणि तिकडच्या माणसाचं नाव तिच्या कार्डावर लिहायचंस.

तुझ्या प्रकरणात खरं भगदाड मला इथेच दिसतं. पहिलं बाळंतपण, आई माहेरी गेली. सासरच्या आशाताईंच्या वहीत बाळ 'गावात नाही', माहेरच्या आशाताईंच्या वहीत बाळ नाहीच. ३, ७, १४, २१, २८, ४२ या दिवशी घरी जाऊन वजन करायचं असतं. तुझी तपासणी चुकली तरी सातव्या दिवशीच्या काट्यानं ते बाळ पकडलं असतं. डिस्चार्जच्या वेळी यापुढे विचारत जा, 'इथून कुठे जाणार? सासरी की माहेरी?' आणि माहेरी म्हणाली तर त्या गावच्या आशाताईंचा नंबर शोधून फोन. आपल्याकडे कितीतरी बाळंतिणी माहेरी असतात आणि आपले कागद सासरचे.

राहिलं तुझं तोंड दाखवणं. जा. ती भरती असेल तर पाळी सुरू व्हायच्या आधी, युनिफॉर्मवरच जा. सासूबाई बाहेर असतील अशी वेळ बघ. 'जन्मल्यावर मी बाळाचं तोंड बोटानं तपासलं, टॉर्चनं बघायला हवं होतं, माझ्याकडून राहिलं' एवढं म्हण. वरिष्ठांना आधी कळव की मी हे बोलणार आहे, मागून कळलं तर गोंधळ होईल. ती रागावेल, रडेल, कदाचित काहीच बोलणार नाही. तू तुझ्या रडण्याचं ओझं तिच्यावर घालू नकोस, ते इथे मला लिहून पाठव. आणि हेही तिला सांग, 'हे तुम्ही काही केल्यानं झालेलं नाही.' ते तिला अजून कोणीच सांगितलेलं नसणार.

मग खुर्ची ओढून बस, बोंडलं हातात घे आणि एक पाजणं तिच्याबरोबर पूर्ण कर.

टॉर्च स्वतःची घे, वॉर्डातल्या टॉर्चचे सेल नेहमी गेलेले असतात. आणि पुढच्या सोमवारी बाळाचं वजन मला कळव.

तुझी,
सिस्टर